स्कॅनमध्ये ‘मेंदूला रक्तपुरवठा कमी’ आलाय, म्हणून स्किझोफ्रेनियाची औषधं बंद करायची का?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी मला काय समजलं ते सांगतो. धाकटा भाऊ, वय 24. 3 वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. कानात येणारे आवाज बरेच कमी झालेत, पण तो दिवसभर पडून असतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. नातेवाइकांच्या आग्रहाने एका खासगी सेंटरमध्ये मेंदूचा स्पेक्ट स्कॅन केला. रिपोर्टमध्ये ‘दोन्ही फ्रंटल लोबमध्ये’, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागात, ‘रक्तपुरवठा कमी’ असं आलंय. सेंटरने रक्ताभिसरण वाढवणाऱ्या गोळ्या आणि प्राणवायूच्या बंद कक्षात 40 सत्रं सुचवलीत. आई म्हणते, मूळ दुखणं सापडलं, आता त्या गुंगीच्या गोळ्या कशाला द्यायच्या? आणि भावाने ती निळी चित्रं पाहून तुम्हाला विचारलं, ‘माझा मेंदू वाळलाय का?’

मी जिल्ह्याच्या गावी 22 वर्षं मानसोपचार करतोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: चालू औषधं या स्कॅनच्या जोरावर बंद करू नका, आणि 40 सत्रांचे पैसे भरू नका. भावाच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मात्र ते त्याला नीट समजावून सांगावं लागेल, आणि त्यासाठी तुम्हाला थोडं आत शिरावं लागेल.

एक आधीच कबूल करतो. मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही. कोणती गोळी, किती मात्रेत, सुरुवात कशी झाली, तंबाखू-सिगारेट आहे का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खाली जिथे जिथे ‘हे परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हटलंय, तिथे शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

आता रक्ताबद्दल. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे 15 टक्के रक्त आणि शरीर वापरतं त्यातला 20 टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. हे रक्त सगळीकडे सारखं जात नाही. मी कॅनॉलच्या पट्ट्यात वाढलो, म्हणून रुग्णांच्या घरच्यांना पाटाच्या पाण्याचं उदाहरण देतो. आवर्तन सुटायच्या आधी शेतकरी पाण्याच्या मागणीचा 7 नंबरचा फॉर्म भरतो. ज्याची मागणी, त्याच्या चारीला पाणी. मेंदूतही असंच आहे. ज्या भागातल्या चेतापेशी कामाला लागतात, तो भाग जणू फॉर्म भरतो, आणि दोनेक सेकंदांत तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून रक्त वाढू लागतं. पाच-सहा सेकंदांत ते शिगेला पोचतं. गंमत म्हणजे मागितलं त्यापेक्षा जास्तच पाणी सुटतं: रक्त भरपूर वाढतं, प्राणवायूचा वापर त्यामानाने थोडाच. एफएमआरआय हे मेंदूचं काम टिपणारं मशीन नेमकं हे उरलेलं जास्तीचं पाणी, म्हणजे प्राणवायू असलेलं रक्त, पकडतं.

म्हणजे एखाद्या शेतात पाणी कमी दिसलं तर दोन शक्यता. पाट फुटलाय किंवा बुजलाय, ही एक. मागणीच कमी आहे, ही दुसरी. पक्षाघातात पाट बुजतो. मेंदूच्या दर 100 ग्रॅममागे मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त लागतं. ते 20च्या आसपास आलं की पेशी काम थांबवतात, हात लुळा पडतो, वाचा जाते. स्किझोफ्रेनियात असं काही घडत नाही. तिथे जो फरक सापडतो तो छोटा असतो, अनेकांची सरासरी काढल्यावर दिसतो, आणि बहुतांशी मागणीच्या बाजूचा असतो. तुमच्या सेंटरने मागणीचा प्रश्न पुरवठ्याचा म्हणून विकलाय. माझा मुख्य आक्षेप हा.

असा फरक सापडतो, हे मात्र खोटं नाही. 1974 साली स्वीडनमध्ये डेव्हिड इंग्वार आणि योरान फ्रान्झेन यांनी जुन्या रुग्णांच्या मानेतल्या धमनीत झेनॉन-133 हा किरणोत्सारी वायू सोडून रक्तप्रवाह मोजला. एकूण प्रवाह साधारण नॉर्मलच निघाला, पण वाटणी वेगळी होती. निरोगी माणसात कपाळामागचा भाग जोरात असतो; या रुग्णांत तो मंद, आणि जो रुग्ण जितका गप्प, तितका तो भाग मंद. तुमच्या रिपोर्टमधलं वाक्य या कुळातलं आहे.

पण पुढची पायरी सेंटरवाले सांगत नाहीत. 1986 मध्ये अमेरिकेत डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी औषधं बंद असलेल्या रुग्णांना पत्ते लावण्याची एक चाचणी देऊन रक्तप्रवाह मोजला. पत्त्यांचा नियम मध्येच गुपचूप बदलतो आणि तुम्ही तो ओळखायचा असतो. नुसतं बसलेलं असताना फरक फारसा ठळक नव्हता. नियम ओळखायची वेळ आली तेव्हा निरोग्यांच्या मेंदूचा पुढचा भाग तापला, रुग्णांचा नाही. पाट शाबूत होता, फॉर्म भरला जात नव्हता. नंतरच्या काळात उलटंही दिसलं: काम सोपं असलं तर रुग्णांचा हाच भाग निरोग्यांपेक्षा जास्त राबतो. मग ‘फ्रंटल कमी’ हे वाक्य कशासाठी कमी, कधी कमी, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं.

तुमच्या भावाचा स्कॅन कसा झाला असेल ते डोळ्यांसमोर आणा. हाताच्या शिरेत सुईने टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचं औषध सोडतात. ते पहिल्या एक-दोन मिनिटांत मेंदूत जाऊन चिकटतं आणि फोटो नंतर निघतो. म्हणजे तुमच्या हातात आहे तो सुई टोचली त्या एक-दोन मिनिटांचा मेंदू. त्या वेळी तो घाबरला होता का? घाबरून भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूचा रक्तप्रवाह लगेच घटतो. सकाळी कडक कॉफी घेतली होती? दोन-तीन कप कॉफीतल्या कॅफिनने प्रवाह 20 ते 30 टक्के घटू शकतो. म्हणजे मी सकाळी ओपीडीला बसतो तेव्हा माझा मेंदूही अशा रिपोर्टला पात्र असतो! सिगारेट, झोप, चालू गोळ्या, सगळ्याचा परिणाम होतो. काही अँटिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियावरच्या, औषधांनी मेंदूच्या खोल भागात रक्तप्रवाह वाढतो. साध्या स्पेक्टमध्ये आकडे नसतात, एका भागाची दुसऱ्याशी तुलना असते. खोल भाग चढला की पुढचा भाग आपोआप फिका दिसू लागतो.

आणि ते रंग. काही वर्षांपूर्वी एका मुलाचे वडील अशीच फाइल घेऊन माझ्याकडे आले. पाकीट फुटलं होतं, चित्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सोबत सीडी होती. ती मी लॅपटॉपवर उघडली आणि रंगांची पट्टी बदलली. कपाळाकडचा निळा भाग हिरवा झाला. पुन्हा सरकवली, पिवळा झाला. ते गृहस्थ बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मग आम्ही जमीन गहाण ठेवली ती कशावर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. निळा रंग ‘मेलेला भाग’ नसतो. कोणत्या आकड्याला निळं म्हणायचं हे माणूस ठरवतो.

मग मेंदूत नेमकं काय बिघडतं? इथे संशोधनाचा रोख गेल्या 30 वर्षांत बदललाय. कोणता भाग कमजोर, यापेक्षा कोणता भाग कोणाशी कसा बोलतो, हा प्रश्न मोठा झाला. 1995 मध्ये लंडनच्या कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी हा आजार जोडण्यांचा असावा असं ठामपणे मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने दाखवलं, की माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूतले एकत्र काम करणारे भाग एका लयीत वर-खाली होत असतात. आज ज्याला ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणतात त्यातला मोठा हिस्सा म्हणजे ही लय किती जुळते याचं मोजमाप. लक्षात घ्या, मोजतो आपण पुन्हा रक्तच. त्या रक्ताच्या चढउतारावरून पेशींच्या संवादाचा अंदाज बांधतो.

‘जोडणी तुटलीय’ असं मात्र समजू नका. काही ठिकाणी ती सैल असते, काही ठिकाणी उलट नको इतकी घट्ट. थॅलॅमस हे मेंदूच्या मध्यावरचं वाटपाचं ठिकाण. अनेक अभ्यासांत त्याची कपाळामागच्या भागाशी जोडणी कमी आणि स्पर्श-हालचालींच्या भागाशी जास्त आढळली. 2018 मध्ये अनेक देशांचे स्कॅन एकत्र करून झालेल्या मोठ्या अभ्यासात मेंदूतले भाग एकमेकांना जोडणाऱ्या पांढऱ्या तारांची बांधणीही जवळपास सर्वत्र किंचित सैल दिसली. किंचित, हा शब्द महत्त्वाचा. एकेका माणसाचा स्कॅन पाहून ‘हा रुग्ण, हा निरोगी’ असं सांगता येईल इतकी नाही. शिवाय यंत्रात डोकं एखाद्या मिलिमीटरने हललं तरी जोडण्यांचे आकडे बिघडतात, आणि अस्वस्थ रुग्ण जास्त हलतो.

आपल्याकडे ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द रूढ झाला आणि लोकांना वाटलं, एका अंगात दोन माणसं. तसं नाही. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये आजाराचं नावच बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘तारा जुळवण्याचा विकार’. मला ते फार आवडतं. तंबोऱ्याची तार तुटलेली नाही, जवारी लागत नाही.

जोडणी बिघडली म्हणजे माणसाला काय होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. शिवणकाम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. मशीन चालू असलं की ठीक, थांबलं की एक बाई त्यांना नावं ठेवते. एकदा बोलता बोलता ते गप्प झाले. मी पाहिलं, त्यांचे ओठ अगदी किंचित हलत होते. विचारलं, ‘आत्ता काय म्हणाली?’ ते संकोचून म्हणाले, ‘म्हणते, या डॉक्टरला काही कळत नाही.’

ओठ का हलले? आपण सगळेच मनात बोलतो. बोलण्याचा आदेश सोडणारा भाग त्याच क्षणी ऐकणाऱ्या भागाला एक प्रत पाठवतो: ‘हे माझंच आहे, दचकू नको.’ म्हणूनच स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. सन 2000च्या एका अभ्यासात आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच तीव्र वाटला. ती प्रत वाटेत गहाळ होत असावी. मग स्वतःचाच विचार बाहेरून आल्यासारखा कानावर पडतो. 1993 मध्ये लंडनला आवाज ऐकू येत असताना रुग्णांचे स्कॅन काढले, तर रक्तप्रवाह वाढलेला दिसला तो ब्रोका नावाच्या भागात. हा भाग ऐकण्याचा नाही, बोलण्याचा. रक्तप्रवाहाच्या अभ्यासाने आपल्याला दिलेली ही फार मोलाची खूण आहे. माझ्या शिंपीदादांना मी आवाज सुरू झाला की हलक्या स्वरात गुणगुणायला सांगितलं, म्हणजे बोलण्याची यंत्रणा दुसऱ्या कामात अडकते. आवाज जात नाही, पण तेवढ्यापुरता मागे हटतो. ते आता दुकानात अभंग गुणगुणतात आणि गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस माळकरी झाला.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही विचारलंय रक्ताबद्दल, पण घराला छळतंय ते वेगळंच: तो पडून का असतो? याची कारणं चित्रात सापडत नाहीत, माणसात शोधावी लागतात. गोळ्यांची मात्रा जास्त असेल. त्याला घरात चालायला सांगा आणि हात बघा. चालताना हात नीट हलत नसतील, चेहरा मुखवट्यासारखा वाटत असेल, तर औषधाने आलेला ताठरपणा असू शकतो, आणि तो मात्रा किंवा गोळी बदलून सुधारतो. सकाळची गोळी रात्री नेल्याने काहींची दुपार मोकळी होते, पण हा बदल डॉक्टरांना विचारूनच. उदासीचा आजार सोबत असेल. थायरॉइड, बी-12 पाहिलंय का? आवाज ‘कमी झालेत’ हे तो सांगतो की तुम्ही? बरेच रुग्ण घरच्यांना बरं वाटावं म्हणून तसं म्हणतात. आणि हे सगळं वजा करूनही जे उरतं, तो आजाराचाच भाग: मागणीचा फॉर्म न भरला जाणं. त्यावर आज तरी सगळ्यात कमी परिणाम गोळीचा होतो. दिवसाला एक ठरलेलं काम, ठरलेली वेळ, लक्ष आणि स्मरणाचे सराव, कोणीतरी सोबत चालणं, यांचा जास्त होतो. वेळ लागतो, महिने लागतात.

स्कॅन कधीच नको, असं मी म्हणत नाही. आजार अचानक सुरू झाला, सोबत ताप, फिट्स, शुद्धीत चढउतार, हातापायांच्या विचित्र हालचाली असं काही होतं का? तसं असेल तर एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि गरज पडल्यास पाठीतलं पाणी तपासावंच लागतं. मेंदूला सूज आणणारा एक प्रतिकारशक्तीचा आजार 2007 मध्ये ओळखला गेला. तो सुरुवातीला हुबेहूब वेडासारखा दिसतो आणि वेळेत पकडला तर बरा होतो. वय, लक्षणं, सुरुवात यावर हा निर्णय अवलंबून आहे. पण ती तपासणी दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. स्किझोफ्रेनिया ‘दाखवणारा’ स्कॅन आज अस्तित्वात नाही, आणि प्राणवायूचा कक्ष हा त्याचा मान्य उपचार नाही.

जोडण्यांच्या ज्ञानावर उभा असलेला एक उपचार खरा आहे, पण त्याची हद्द ओळखून घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या आवाजांसाठी डाव्या कानाच्या वर-मागे चुंबकीय लहरी किंवा अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यावर बरंच काम झालंय. काहींना फरक पडतो, काहींना नाही. गोळ्या चालू ठेवूनच देतात. तुमच्या भावाचे आवाज कमी झालेत, मग त्याला आज तरी याची गरज दिसत नाही. आवाज परत वाढले आणि दोन औषधं पुरेशी देऊनही हटले नाहीत, तर आधी क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते, म्हणून लोक टाळतात; टाळू नये.

आईंना हे आकडे सांगा. 2012 मध्ये 65 चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर वर्षभरात आजार उलटला तो औषध चालू असलेल्यांत 27 टक्क्यांना, बंद केलेल्यांत 64 टक्क्यांना. आणि त्यांना रक्ताभिसरणाचीच काळजी असेल, तर ती अगदी योग्य आहे, फक्त जागा चुकलीय. या रुग्णांचं आयुष्य इतरांपेक्षा साधारण 15 वर्षांनी कमी भरतं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. भावाचं वजन, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब शेवटचा कधी मोजला? 40 सत्रांच्या पैशांत या तपासण्या अनेक वर्षं होतील. तो सिगारेट-बिडी ओढत असेल तर सोडवा, पण डॉक्टरांना सांगून. धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं शरीरात लवकर जिरतात. एकदम सोडली की तीच मात्रा अंगावर येते. मळलेल्या तंबाखूने तसं होत नाही, हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. तंबाखूचे बाकीचे गुण तुम्हाला माहीतच आहेत.

घरी कोणी ऐकून घेणारं नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात. पुण्याजवळ असाल तर कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केलेली ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथल्या स्वमदत गटात आईंना घेऊन जा. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा दुसऱ्या आईचं पाच मिनिटांचं बोलणं त्यांना जास्त पटेल.

राहिला भावाचा प्रश्न. त्याला टाळू नका, ‘काही नाही रे’ म्हणून उडवू नका. रिपोर्ट घेऊनच त्याच्या शेजारी बसा. सांगा, मेंदू वाळलेला नाही. वाळलेल्या मेंदूने हा प्रश्न विचारला नसता. हा निळा भाग म्हणजे त्या दिवशी, सुई टोचल्यावर, दोन मिनिटं निवांत बसलेला भाग आहे. त्याला काम दिलं की पाणी येतं. मग फाइल बंद करा आणि दोघं मिळून कोपऱ्यावरून दूध घेऊन या. जाताना पैसे त्याच्याकडे द्या आणि परत येताना सुटे किती आले, ते त्यालाच मोजू द्या.